विहिरीवरची हिरवी खूण : डिस्क गोल्फची मैदाने शोधून देणाऱ्या एका अ‍ॅपचे परीक्षण

सोलापूरहून बार्शी रस्त्याने निघाले की एका फाट्यावरून आत आमच्या मामांचे शेत लागते. त्या शेतातील विहिरीवर गेले दीड वर्ष एक हिरवी खूण आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, फोनमध्ये दिसते. जगभरातील डिस्क गोल्फची मैदाने नकाशावर दाखवणाऱ्या एका अ‍ॅपने ती तेथे लावलेली आहे. गावाचे नाव मी देत नाही, त्याचे कारण पुढे कळेलच. अ‍ॅपचेही नाव देत नाही, कारण माझी तक्रार एका कंपनीविरुद्ध कमी आणि अशा याद्या ज्या पद्धतीने भरल्या जातात त्या पद्धतीविरुद्ध जास्त आहे. खेळताना गुण मोजणे, जुन्या फेऱ्या पाहणे, किती अंतरावर फेक गेली ते टिपणे या कामांसाठी हे अ‍ॅप मी आजही वापरते आणि त्या भागाला पाचपैकी साडेचार गुण द्यायला माझी हरकत नाही. हे परीक्षण फक्त त्यातील मैदानांच्या यादीचे आहे, आणि तेही त्या यादीत खासगी जागा कशा नोंदवल्या जातात एवढ्यापुरतेच.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोल्फसारखाच हा खेळ आहे, मात्र चेंडू आणि काठीऐवजी प्लॅस्टिकची चकती हाताने फेकायची आणि खड्ड्याऐवजी लोखंडी खांबावरच्या टोपलीत, वर लोंबणाऱ्या साखळ्यांना आदळून, ती पाडायची. चकतीचा व्यास किमान २१ सेंटिमीटर असावा लागतो आणि वजन २०० ग्रॅमच्या वर चालत नाही. ऐकायला किरकोळ वाटते. पण याच वजनाची, कडेला धार असल्यासारखी निमुळती चकती सरावलेल्या हातातून सुटली की तिच्या वाटेत माणूस नसलेला बरा.

माझा मामेभाऊ शिक्षणासाठी दोन वर्षे फिनलंडला होता. तेथे हा खेळ गावोगावी, नगरपालिकांच्या मोकळ्या जागांत, बहुतेक ठिकाणी फुकट खेळला जातो. तो परत आला तेव्हा त्याच्या बॅगेत कपड्यांपेक्षा चकत्या जास्त होत्या. मामांच्या शेताच्या वरच्या अंगाला चारेक एकर मुरमाड पड आहे. त्यात कडुनिंब आणि बाभळी आहेत, खाली ज्वारी आहे. त्या पडीत त्याने नऊ टोपल्या उभ्या केल्या. टोपल्या बाजारातल्या नाहीत. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून सायकलच्या जुन्या रिमांना खांब जोडून घेतले आणि साखळ्या जनावरांच्या दाव्याच्या दुकानातून आणल्या. चकती नीट लागली की त्या साखळ्यांचा जो खळ्ळकन आवाज होतो, त्याला गोठ्यातली म्हैस पहिले काही दिवस दचकून उठत असे. घरची आठदहा माणसे, भावाचे मित्र आणि सुट्टीत आलेली भाचरे, एवढ्यांसाठीच ही मांडणी होती.

भावाच्या पुण्याच्या एका मित्राने येथे एक फेरी खेळली, ती अ‍ॅपवर नोंदवली आणि मैदान यादीत सापडत नाही म्हणून तेथल्या तेथे ते यादीत भरूनही टाकले. त्याचा हेतू चांगलाच होता. आपल्या भागात असे मैदान आहे याचे कौतुक वाटून त्याने ते केले, हे त्याने नंतर स्वतः सांगितले. मी पुढे तो अर्ज उघडून पाहिला. मैदानाचे नाव, टोपल्यांची संख्या, अंतरे, नकाशावरील जागा, फोटो, झाडी किती, चढउतार किती, कुत्री चालतात का, स्वच्छतागृह आहे का, असे प्रश्न एकामागून एक येतात. जागा कोणाची आणि तेथे कोणाला जाता येते हा प्रश्न जवळजवळ शेवटी, एका लहान चौकटीत येतो, आणि ती चौकट रिकामी सोडली तर मैदान सर्वांना खुले आहे असे धरले जाते. मालकाला विचारले होते का, हा प्रश्न अर्जात कोठेच नाही. कुत्र्यांविषयी प्रश्न आहे, मालकाविषयी नाही. हे मामांना सांगितल्यावर ते बराच वेळ हसत होते.

हसणे पौष महिन्यापर्यंत टिकले. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सोलापुरात बाहेरगावची माणसे भरपूर असतात. त्यांपैकी हैदराबादहून आलेले दोन तरुण रविवारी सकाळी अ‍ॅपने दाखवलेल्या रस्त्याने थेट शेतात आले. रस्ता संपतो तो मामांच्या गोठ्यापाशी. त्यांनी गाडी तेथेच लावली. मामा मोटर चालू करायला निघाले होते. "पाव्हणं, कुणाकडं आलाव?" असे त्यांनी विचारले आणि उत्तर समजले नाही तरी आधी चहा ठेवायला लावला. हुरड्याचे दिवस होते, त्यामुळे पाहुण्यांना हुरडाही मिळाला. येथपर्यंत गोष्ट सुखाची आहे, आणि त्या दोघांनी अ‍ॅपवर दिलेल्या शेऱ्यात चहा-हुरड्याचा उल्लेख आल्याने पुढच्या महिन्यात आणखी तीन टोळकी आली, हा त्या सुखाचाच परिणाम होता.

तिसऱ्या टोळक्याच्या वेळी जे झाले ते मात्र हसण्यासारखे नव्हते. आमच्या मांडणीतील चौथी टोपली तेव्हा विहिरीपासून पंचवीस पावलांवर होती. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की त्या टोपलीकडे फेकलेली चकती डावीकडे ओढली जाई आणि विहिरीत पडे. घरातल्या दहा वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक असल्याने दुपारी आम्ही चौथी टोपली सोडून थेट पाचवीकडे जात असू. नवख्या माणसाला हे कोण सांगणार? विहीर जुनी आहे, कठडा एका बाजूने खचलेला आहे, आणि गोल्फच्या बहुतेक चकत्या पाण्यावर तरंगत नाहीत, बुडतात. एका मुलाची चकती आत गेली. ती महागातली होती म्हणून तो पायऱ्यांवरून खाली उतरू लागला. त्या पायऱ्यांपैकी खालच्या चार कधीच निखळल्या आहेत. मामींनी वरून आरडाओरडा केला म्हणून तो थांबला. त्या दिवशी संध्याकाळी मामांनी भावाला एवढेच सांगितले की टोपल्या तरी काढ, नाहीतर ती फोनमधली खूण तरी काढ. इंग्रजीतला पत्रव्यवहार करायचे काम माझ्या वाट्याला आले.

या याद्या अशा का घडल्या हे समजून घेतले तर राग थोडा कमी होतो. आज ज्याला पहिले कायमस्वरूपी डिस्क गोल्फ मैदान मानतात ते १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ला कन्याडा फ्लिंट्रिज येथील ओक ग्रोव्ह या सार्वजनिक उद्यानात झाले. ते आखणारे एड हेड्रिक यांनीच पुढे साखळ्यांची टोपली तयार केली आणि १९७६ मध्ये पीडीजीए ही खेळाडूंची संघटना सुरू केली. म्हणजे हा खेळ जन्मला तोच सरकारी बागेत. मैदान म्हणजे बाग, बाग म्हणजे सर्वांची, आणि सर्वांची जागा यादीत घालायला कोणाला विचारायचे, असा तो सरळ हिशेब होता. घरच्या अंगणात ठेवता येतील अशा उचलत्या टोपल्या बाजारात आल्या, शेतांत आणि फार्महाऊसवर मैदाने होऊ लागली, शाळांनी आणि छावण्यांनी आपापल्या आवारात टोपल्या लावल्या, तरी याद्यांच्या मनातील गृहीत मात्र बागेचेच राहिले. रिकामी चौकट म्हणजे खुले मैदान, हा नियम त्या गृहीताचा अवशेष आहे.

दुसरी अडचण "खासगी" या शब्दाची आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मालकी खासगी असणे आणि प्रवेश खासगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अ‍ॅपमध्ये दोन्हींसाठी एकच चौकट आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील लेस्टर येथे मेपल हिल नावाचे नामांकित मैदान आहे. ते नाताळच्या झाडांच्या एका खासगी शेतात आहे, तेथे मोठ्या स्पर्धा होतात, आणि शुल्क भरून कोणालाही खेळता येते. आपल्याकडचे मंगल कार्यालय जसे एकाच्या मालकीचे आणि पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला खुले असते, तसेच ते. उलट, एखाद्या शिक्षणसंस्थेचे आवार विश्वस्त संस्थेचे असते, पण सुट्टीच्या दिवशीही पहारेकरी बाहेरच्याला आत सोडत नाही. या दोहोंवर एकच शिक्का मारला तर वाचणाऱ्याने काय समजावे?

देशादेशांतील कायदाही सारखा नाही. भाऊ जेथे खेळायला शिकला त्या फिनलंडमध्ये दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून पायी हिंडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. घराचे अंगण आणि पेरलेले शेत मात्र त्यातून वगळलेले आहे. तेथे टोपल्या उभ्या करायला मालकाची संमती लागतेच, पण रानात शिरलेल्या माणसाकडे कोणी वळून पाहत नाही. आपल्याकडे शेतात जाण्याच्या वाटेचा प्रश्न आला की महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, परंतु तो ज्याला आपल्या शेतात पोचायचे आहे त्या धारकाला, चकती फेकणाऱ्याला नव्हे. अमेरिकेत याच विषयाला आणखी एक फाटा आहे: तेथील बहुतेक राज्यांत, मालकाने लोकांना विनामूल्य विरंगुळ्यासाठी जागा वापरू दिली तर अपघाताच्या जबाबदारीपासून त्याला बरेच संरक्षण मिळते, आणि शुल्क घेतले की ते संरक्षण जाण्याची शक्यता असते. म्हणून तेथे फाटकावर पैशांची पेटी ठेवावी की नाही यावर मालक गंभीरपणे विचार करतात. एका जागतिक यादीतील एका चौकटीने हे सगळे सांगावे अशी अपेक्षा ठेवणेच चुकीचे आहे.

आणि आलेल्या मुलांना दोष तरी काय द्यायचा? एका नातेवाईकाने पोलिसांत जाण्याचा सल्ला दिला होता. फौजदारीपात्र अतिक्रमण ठरायला गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. फोनवरील खुणेच्या भरवशावर आलेल्या, चहा घेऊन आभार मानणाऱ्या पोरांच्या ठिकाणी असा हेतू शोधणे हास्यास्पद होते. त्यांना बोलावणे गेले होते. ते आम्ही पाठवले नव्हते, एवढेच.

मला या सगळ्यात सातबारा आठवत राहिला. महाभूलेखच्या संकेतस्थळावर मामांचा सातबारा कोणीही पाहू शकतो; डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. त्यात गट क्रमांक आहे, क्षेत्र आहे, नाव आहे, पीकपाण्याची नोंद आहे. इतकी माहिती उघड असूनही सातबारा वाचून कोणी शेतात शिरत नाही, कारण तो दस्तऐवज हक्काची नोंद करतो, आमंत्रण देत नाही, हे वाचणाऱ्याला पक्के ठाऊक असते. शिवाय त्यावर "इतर हक्क" नावाचा रकाना आहे. विहिरीत कोणाचा हिस्सा, बोजा कोणत्या बँकेचा, वाट कोणाची, हे त्या रकान्यात येते. मैदानांच्या यादीत नेमका हाच रकाना नाही. अ‍ॅपची नोंद सातबारासारखी माहिती देते आणि तिच्या खाली ठळक अक्षरांत "येथे जाण्याचा रस्ता दाखवा" असे बटण ठेवते. नोंद आणि आमंत्रण यांतील अंतर त्या बटणाने पुसले जाते.

आता तक्रार हाताळण्याविषयी. मी पहिला संदेश पाठवला तो नोंद काढून टाकण्याचा. उत्तर नम्र होते आणि पाच आठवड्यांनी आले. नोंद गेली. आम्ही निश्चिंत झालो आणि तीन आठवड्यांत ती परत आली, कारण आधी येऊन गेलेल्या एका खेळाडूला आपली जुनी फेरी ज्या मैदानाशी जोडलेली होती ते मैदान सापडेना, म्हणून त्याने ते पुन्हा भरले. या वेळी नावात "बार्शी रोड" असे शब्दही घातले, म्हणजे शोधणाऱ्याला अधिकच सोपे. येथे मला माझी चूक उमगली. खासगी मैदान यादीतून पूर्ण पुसणे हा उपाय नाही. रिकामी जागा पाहिली की कोणीतरी हौसेने ती भरणारच. त्यापेक्षा "हे मैदान आहे, पण येथे येऊ नका" असे सांगणारी नोंद जागेवर असलेली बरी. तिचा पहारेकऱ्यासारखा उपयोग होतो.

दुसऱ्या तक्रारीनंतर त्यांनी नोंद ठेवली, खासगी असा शिक्का मारला आणि आमच्या विनंतीवरून खूण विहिरीवरून हलवली. हलवली ती दीड किलोमीटरवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर. नंतरच्या रविवारी शाळेच्या मैदानात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना चार अनोळखी माणसे टोपल्या कोठे आहेत असे विचारत होती, आणि पोरांनी अर्थातच त्यांना हाताला धरून मामांच्या शेतात आणून सोडले. खोटी खूण हा खऱ्या खुणेपेक्षा वाईट उपाय आहे. त्रास कमी होत नाही, तो शेजाऱ्यालाही वाटला जातो.

हे प्रश्न इतरांनी सोडवलेलेच नाहीत असे नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या निमित्ताने आमच्या भागात पक्षी पाहणारी मंडळी पुष्कळ आहेत आणि ती पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवायला ई-बर्ड ही ऑनलाइन सोय वापरतात. तेथे सर्वांसाठीची ठिकाणे आणि वैयक्तिक ठिकाणे यांची वर्गवारी मुळातच वेगळी आहे. आपल्या परसातील पक्ष्यांची यादी खुशाल भरता येते, पण खासगी घर सर्वांच्या ठिकाणांत घालू नये असा संकेत आहे. आणि ज्या पक्ष्यांना माणसांच्या गर्दीने धोका आहे त्यांची नेमकी जागा इतरांना दाखवलीच जात नाही. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची रीत आणखी वेगळी. जमिनीवर जे आहे ते नकाशावर यावे अशी त्यांची भूमिका असते, मात्र प्रवेशाच्या नोंदीत खासगी, परवानापत्राने, फक्त ग्राहकांना आणि मालकाची हरकत नसेल तोवर, असे निरनिराळे पर्याय आहेत. त्यातला शेवटचा पर्याय मला फार आवडला. खेड्यातल्या निम्म्या पायवाटा याच पर्यायात बसतात. कोणाचा हक्क नाही, कोणाची हरकतही नाही, आणि हरकत आली की वाट बंद.

या अ‍ॅपला एवढेच करायचे आहे की मालकी आणि प्रवेश हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत, ते अर्जाच्या डोक्यावर ठेवावेत, उत्तर मिळाल्याखेरीज नोंद पुढे जाऊ देऊ नये, आणि प्रवेश मर्यादित असेल तर रस्ता दाखवणारे बटण काढून त्या जागी परवानगी मागणारे बटण द्यावे. खूण गावाच्या किंवा तालुक्याच्या पातळीवर ढोबळ ठेवता येईल; त्यासाठी ती शाळेवर न्यायची गरज नाही. मालकाने दावा केला तर त्याची शहानिशा करणे अवघड आहे हे मला मान्य आहे, कारण उद्या सार्वजनिक बागेवरही कोणी मालकी सांगेल. पण पाच आठवडे हा काळ शहानिशेचा नव्हता, रांगेचा होता.

खेळणाऱ्यांसाठी माझा व्यवहारी सल्ला असा. भारतात सर्वांना खुली मैदाने मोजकीच आहेत, तेव्हा नकाशावर दिसणाऱ्या खुणेचे शेवटचे शेरे केव्हाचे आहेत ते आधी पाहा. खूण शेतात, संस्थेच्या आवारात किंवा रिसॉर्टवर असेल तर खुले असे लिहिलेले असूनही विचारल्याशिवाय निघू नका. आणि यादीत नसलेले मैदान सापडले तर ते भरण्याआधी ज्याने टोपल्या लावल्या त्याला एकदा विचारा. मैदानांच्या यादीला मी पाचपैकी दोन गुण देते. परदेशात प्रवास करणाऱ्याला ती खूप उपयोगी आहे, भावाचा अनुभव तसाच आहे, आणि तिचा एक गुण त्यासाठी आहे. दुसरा गुण तिसऱ्या तक्रारीच्या वेळी ज्या कर्मचाऱ्याने शाळेची खूण त्याच दिवशी काढली त्याच्यासाठी आहे.

सध्या नोंदीत पहिल्या ओळीत "फक्त परवानगीने, सकाळी दहाच्या आत" असे आले आहे, कारण मामांनी अखेर टोपल्या काढू दिल्या नाहीत. चौथी टोपली आम्ही उपटून बाभळीच्या पलीकडे नेली आणि विहिरीच्या खचलेल्या बाजूला तारेचे कुंपण घातले. खूण मात्र पुन्हा मूळ जागी, विहिरीवरच आहे. ढोबळ खूण दाखवण्याची सोय अ‍ॅपमध्ये नाही असे कळवण्यात आले. नोंदीतल्या पहिल्या फोटोत अजूनही जुनी चौथी टोपली आणि मागे कुंपण नसलेली विहीर दिसते. तो फोटो ज्याने चढवला त्याचा आहे, तो त्यानेच काढावा लागतो, आणि त्याने अ‍ॅप केव्हाच सोडले आहे.